कोहोची बोटुकली कुठे सापडतील? ओरेगॉनच्या ओढ्यांत दोन उन्हाळे आणि एक हिवाळा

आमच्याकडे संगमेश्वर तालुक्यात जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की चढणीचे मासे लागतात. नदीला लाल पाणी आलं की मासे वहाळात शिरतात, वहाळातून पऱ्यात आणि तिथून पार भाताच्या खाचरापर्यंत, अंडी घालायला. लहानपणी बाबांच्या मागे बॅटरी धरून मी कितीतरी वेळा गेलेय. त्यामुळे मासा पाण्याच्या उलटा चढतो याचं मला कधी नवल वाटलं नाही, पण अंडी फुटल्यावर पुढे काय, ती एवढीशी पिल्लं कुठल्या डोहात राहतात, कुठल्यात राहत नाहीत आणि का, हे गावी असताना कधी मनातच आलं नाही. तो प्रश्न समोर आला २०१४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला मास्टर्ससाठी आल्यावर, आणि मग पुढची जवळपास तीन वर्षं मी तोच एक प्रश्न घेऊन बसले.

मासा होता कोहो सॅल्मन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत मोठे कोहो समुद्रातून नदीत आणि नदीतून बारक्या ओढ्यांत चढतात, मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते आणि मग नर-मादी दोघंही मरतात. वसंतात पिल्लं खडीतून वर येतात. चम किंवा पिंक सॅल्मनची पिल्लं लगेच समुद्राकडे निघतात, कोहोची मात्र साधारण वर्षभर त्याच गोड्या पाण्यात राहतात, मग समुद्रात जातात आणि तिथे दीडेक वर्ष काढून तीन वर्षांची होऊन परत येतात. म्हणजे एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा हिवाळा त्या पिल्लाला ओढ्यात तगायचंय. ओरेगॉन किनाऱ्याचा कोहो १९९८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत गेला, मधे कोर्टकचेऱ्या होऊन बाहेर आला, २००८ मध्ये परत यादीत आला. ओढा सुधारायला, म्हणजे झाडांचे ओंडके परत पाण्यात टाकायला, रस्त्याखालच्या मोऱ्या बदलायला पैसा मिळतो पण तो सगळीकडे पुरत नाही, आणि किनारपट्टीच्या डोंगरात ओढे इतके आहेत की प्रत्येकात उतरून बघणं शक्यच नाही. म्हणून मॉडेल. काही ठिकाणी बघायचं, तिथला उतार, पाणी, खोली, तापमान मोजायचं आणि न बघितलेल्या ठिकाणी पिल्लं असण्याची शक्यता किती ते काढायचं.

हे काम माझ्याआधी झालेलंच नव्हतं असं नाही. माझ्या गाइडने पहिल्याच आठवड्यात एक नकाशा समोर ठेवला, त्याला इन्ट्रिन्सिक पोटेन्शियल म्हणतात, त्यावरचा पेपर २००७ चा आहे. त्यात फक्त तीनच गोष्टी घेतल्यात: ओढ्याचा उतार, दरी किती रुंद आहे आणि वर्षाचं सरासरी पाणी किती. प्रत्येकाला शून्य ते एकच्या मधला गुण, आणि मग तिन्ही गुणांचा गुणाकार करून घनमूळ. साधी सरासरी का नाही हे मला आधी कळलं नव्हतं. समजा उतार ०.९, दरी ०.९, पाणी ०.१, तर साधी सरासरी येते ०.६३, म्हणजे जागा बरी वाटते, पण घनमूळवाल्या पद्धतीने येतं ०.४३. आणि तिघांपैकी एक जरी शून्य असला तर सगळंच शून्य. माशाच्या बाबतीत हे बरोबर आहे, सुंदर रुंद दरी असली आणि पाणीच नसलं तर उपयोग काय! त्या नकाशात एक गोष्ट ठळक दिसते, कोहोला आवडणारी जागा म्हणजे सपाट, रुंद दऱ्या, आणि नेमक्या तिथेच शेती, कुरणं आणि वस्ती, म्हणजे खाजगी जमीन. वरचं जंगल कितीही राखलं तरी चांगल्यातली चांगली जागा खाली गुरांच्या कुरणात आहे.

पण तो नकाशा जागेत ताकद किती ते सांगतो, मासा आत्ता तिथे आहे का ते सांगत नाही, त्यात ओंडके नाहीत की पाण्याचं तापमान नाही. माझं काम ते भरायचं होतं.

२०१५ चा उन्हाळा फील्डवर गेला. कुठे बघायचं हे आपण ठरवायचं नाही हा पहिला धडा. रस्त्याजवळचे ओढे सोपे पडतात म्हणून तेवढेच बघितले तर मॉडेल रस्त्याजवळचे ओढेच शिकतं. त्यासाठी ग्रट्स नावाची पद्धत आहे, तिने पॉइंट निवडले की ते रँडमही असतात आणि पूर्ण खोऱ्यात पसरलेलेही असतात, एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. त्यातले बरेच पॉइंट लोकांच्या जमिनीवर पडले, पत्रं पाठवली, दारं ठोठावली, काहींनी चहा-कॉफी दिली, काहींनी नाही म्हणून सांगितलं, आणि ज्यांनी नाही म्हटलं ते पॉइंट यादीतून गेले, त्याचीही नोंद ठेवावी लागते.

आणि बघायचं म्हणजे शब्दशः बघायचं. वेटसूट, मास्क, स्नॉर्कल, हातात टॉर्च, आणि ढोपरभर पाण्यात पोटावर पडून खालून वरच्या दिशेने सरपटत जायचं. खालून वरच का, तर बोटुकलीचं, म्हणजे या बोटाएवढ्या पिल्लांचं, तोंड प्रवाहाकडे असतं, वाहून येणारे किडे टिपायला, आपण मागून गेलो तर ती कमी बिचकतात. शिवाय ढवळलेला गाळ आपल्या मागे जातो, पुढचं पाणी स्वच्छ राहतं. पहिल्या डोहात मी डोकं घातलं आणि एका पडलेल्या अल्डरच्या झाडाच्या मुळांपाशी पंधरा-वीस कोहो पाण्याच्या मध्यावर लटकल्यासारखे स्थिर, बोटाएवढे, अंगावर उभे काळसर पट्टे, शेपटीकडच्या खालच्या पराला पांढरी कड आणि तिला लागून काळी रेघ. ती पांढरी कड हीच ओळख. शेजारच्या खळाळात स्टीलहेड आणि कटथ्रोट ट्राउटची पिल्लं होती, ती एवढी लहान असताना आपापसात ओळखू येत नाहीत, म्हणून दोन्ही मिळून एकाच रकान्यात लिहायची. कोहो डोहात, ट्राउट खळाळात, हे तिथे इतकं स्पष्ट दिसतं की मला वाटलं हे मॉडेल सोपं जाणार.

हिवाळ्यात आकडेमोडीला बसले. आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, डोहात कोहो आहे की नाही, एक किंवा शून्य, आणि त्याला कारणं म्हणून उतार, दरीची रुंदी, डोहाची खोली, ओंडके, तापमान. उतार, दरी, ओंडके अपेक्षेप्रमाणे आले. तापमान उलटं आलं. मॉडेल म्हणत होतं पाणी जितकं गरम तितकी कोहो असण्याची शक्यता जास्त. ओरेगॉनच्या नियमात सॅल्मन-ट्राउटच्या पिल्लांच्या ओढ्यासाठी मर्यादा १८ अंश आहे, सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी त्याच्या वर जाता कामा नये, आणि माझं मॉडेल सांगतंय गरम पाणी चांगलं. असा निकाल कोणाच्या हातात पडला आणि त्याने काठावरची झाडं तोडायचं समर्थन केलं तर? हा विचार येऊन मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोन आठवडे शोधल्यावर कळलं ते असं. अंदाज सगळीकडे करायचा तर सगळीकडे उपलब्ध असलेला आकडाच वापरावा लागतो, म्हणून उतार मी फील्डवर मोजलेला न घेता दहा मीटरच्या डिजिटल नकाशातून काढलेला घेतला होता. सपाट भागात तो उतार फार ढोबळ असतो, अर्धा टक्का आणि दोन टक्के यातला फरक त्याला धड दिसत नाही. आता कोहोला सपाट ओढा आवडतो, आणि सपाट ओढे खाली असतात, रुंद, काठावर झाडं कमी, ऊन जास्त, म्हणजे पाणी गरम. उताराच्या आकड्यातून जे मॉडेलला दिसलं नाही ते त्याने तापमानातून हुडकून काढलं. तापमान त्याच्यासाठी सपाटपणाचा पर्याय झालं होतं. लायडारच्या, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या बारीक नकाशावरून उतार नव्याने काढला, तापमानाला सरळ रेषेऐवजी वर्गाची (तापमान गुणिले तापमान) टर्म दिली, तेव्हा वक्र आला, मधे चढणारा आणि गरम बाजूला उतरणारा. कोएफिशंटचं, म्हणजे मॉडेल प्रत्येक कारणाला देतं त्या आकड्याचं, अधिक-उणे चिन्ह बघून लगेच गोष्ट रचायची नाही, आधी हा आकडा दुसऱ्या कोणाचं काम तर करत नाहीये ना ते बघायचं, हे मी तेव्हापासून धरून ठेवलंय.

मग तपासणी. दहातला एक भाग बाजूला ठेवायचा, बाकीच्यावर मॉडेल शिकवायचं, बाजूच्यावर परीक्षा घ्यायची. एयूसी नावाचा गुण असतो, ०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे अचूक, माझा खूपच चांगला आला. माझ्या थिसिस कमिटीतल्या एका प्रोफेसरांनी एकच प्रश्न विचारला, बाजूला काढलेल्या डोहाचा शेजारचा डोह कुठे आहे? तो अर्थातच शिकवायच्या भागात होता. एकाच ओढ्यातले लागोपाठचे डोह जवळजवळ सारखेच असतात, म्हणजे परीक्षेतला प्रश्न आधीच सोडवून दाखवल्यासारखं झालं. मग मी डोह नाही, अख्खा ओढाच बाजूला ठेवायला लागले, एकेक करून सगळे ओढे, आणि एयूसी बराच खाली आला. वाईट वाटलं पण तो खरा गुण होता.

यातच आणखी एक, अंतर. डोंगराच्या या बाजूचा डोह आणि त्या बाजूचा डोह सरळ रेषेत तीनशे मीटरवर असतील पण माशाला एकातून दुसऱ्यात जायचं तर खाली संगमापर्यंत जाऊन परत वर चढायचं, कित्येक किलोमीटर. नेहमीचं स्पेशियल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे जागा आणि अंतर धरून केलेली आकडेमोड, सरळ अंतर धरतं. ओढ्यांसाठी वेगळी मॉडेल्स आहेत ज्यात अंतर पाण्यातून मोजतात आणि कोणाचं पाणी कोणाकडे वाहतं तेही धरतात. शिकायला कठीण गेली, दोन महिने गेले, पण ओढ्यावर काम करणाऱ्या कोणीही ही टाळू नयेत.

आता २०१६. तेच मॉडेल, नवीन उन्हाळा, नवीन डोह, माझे अंदाज आधी छापून ठेवले होते आणि मग पाण्यात उतरले. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं काहीतरी बिघडलंय. जिथे शक्यता ०.८, ०.९ लिहिली होती तिथे डोहामागून डोह रिकामे. पाणी छान, सावली आहे, ओंडके आहेत, तळाला स्कल्पिन नावाचे बारके मासे बसलेत, कटथ्रोट आहे, सिग्नल क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडासारखे जीव, चालतायत, कोहो नाही. माझा फील्ड पार्टनर गप्प व्हायचा आणि मी पाटीवर शून्य लिहायचे. दिवसभर थंड पाण्यात पडून संध्याकाळी तंबूत बसून शून्यं टाइप करायची, हे फार जड जातं, आणि माझी शंका स्वतःवरच होती, की मी मोजताना चुकतेय.

बाबांचा फोन आला तेव्हा मी हे सगळं बोलून टाकलं. ते म्हणाले, "अगो पण औंदा चढले किती ते बघितलंस का? चढलेच नाहीत तर पिल्लं कुठली असायला?"

इतकं साधं. २०१५ च्या उन्हाळ्यातली पिल्लं ही २०१४ च्या थंडीत चढलेल्या माशांची, आणि २०१४ ला कोहो प्रचंड आले होते. २०१५ ला एकदम कमी आले. तेव्हा ईशान्य पॅसिफिक नेहमीपेक्षा खूप गरम होता, त्या गरम पट्ट्याला ब्लॉब असंच नाव पडलं होतं, आणि समुद्र असा तापला की त्यात चरबी कमी असलेले बारके जीव वाढतात, सॅल्मनला पोषण कमी पडतं. म्हणजे मी मॉडेलला शिकवलं ते भरलेल्या वर्षात, जेव्हा चांगल्या जागा तर भरल्याच होत्या पण साधारण जागाही भरल्या होत्या, आणि विचारलं ते रिकाम्या वर्षात. मॉडेल डोहाबद्दल खोटं बोलत नव्हतं. डोह चांगलाच होता, त्याच्यापर्यंत पोचायला आईबाप नव्हते.

त्यानंतर मी सगळी शून्यं परत काढून बसले, एकेक. डेटाशीटवर शून्य एकच असतं पण ओढ्यात ती वेगवेगळी असतात. एक शून्य म्हणजे मासा होता, मला दिसला नाही. खोल कपारीत, मुळांच्या जाळीत, कमी उजेडात हे होतंच. समजा एका डुबकीत दिसण्याची शक्यता ०.६ असेल तर न दिसण्याची ०.४, तीनदा डुबकी मारूनही न दिसण्याची ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.०६४, शंभरात सहा-सात वेळा मासा असून शून्य लागणार. म्हणून काही डोह आम्ही परत परत बघितले होते, ऑक्युपन्सी मॉडेल त्यावरूनच दिसण्याची शक्यता आणि असण्याची शक्यता वेगळी करतं. २००२ मध्ये ही पद्धत मांडली गेली आणि माझ्या मते प्राणी मोजणाऱ्या प्रत्येकाने आधी हीच शिकावी.

दुसरं शून्य म्हणजे आईबाप कमी, ते वर सांगितलं. तिसरं शून्य मला एका जमीनमालकाने दाखवलं. त्याच्या कुरणाच्या वरच्या अंगाला ओढ्याचा एक तुकडा होता, मॉडेलप्रमाणे उत्तम, दोन्ही वर्षी एकही कोहो नाही, भरलेल्या वर्षातही नाही. तो म्हातारा म्हणाला चल, आणि मला जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर घेऊन गेला. रस्त्याखाली मोरीचा पाइप, आणि पाइपचं खालचं तोंड पाण्यापासून माझ्या कमरेएवढं वर लटकलेलं, खाली उडी घ्यायला पुरेसा खोल डोहही नाही. मासा चढणार कसा? माझ्या नकाशावर ती मोरी नव्हतीच. ते शून्य जागेचं नव्हतं, पाइपचं होतं, आणि अशा ठिकाणीच तर पैसा खर्च व्हायला हवा, मोरी बदलली की वरचा अख्खा तुकडा खुला.

आणि चौथं शून्य खरंच खराब जागेचं. काही ओढ्यांत तळाला नुसता सपाट वालुकाश्म, खडी नाही, ओंडका नाही, न्हाणीघराच्या फरशीसारखं. १९५० च्या दशकापर्यंत इथे ओढ्यांवर लाकडी बांध घालून मागे ओंडके साठवायचे आणि बांध फोडून ती सगळी लाट एकदम खाली सोडायचे, लाकूड गिरणीपर्यंत वाहून न्यायला. त्या लाटांनी खडी खरवडून नेली. नंतर काही दशकं तर माशांना अडथळा होतो असं समजून ओढ्यातले उरलेसुरले ओंडकेही काढून टाकले, चांगल्या हेतूने. आता तेच ओंडके हेलिकॉप्टरने परत आणून टाकतायत. अशा ओढ्यात पोटावर सरपटताना खाली फक्त दगड लागत राहतो, आणि मग ओंडक्याचा कोएफिशंट नुसता आकडा राहत नाही.

नवीन मॉडेल मी दोन भागांत केलं. जागा चांगली आहे का, हा एक भाग. यंदा तिथे मासा असेल का, हा दुसरा, आणि त्यात त्या वर्षी खोऱ्यात चढलेल्या मोठ्या माशांची मोजणी, खालचे अडथळे आणि दिसण्याची शक्यता घातली. नकाशेही दोन काढले. एकच नकाशा द्या, लोकांना दोन कळत नाहीत, असं मला सांगितलं गेलं होतं आणि मी ते ऐकलं नाही. कारण दुसऱ्या नकाशातला रिकामा ओढा बघून कोणी पहिल्यातलं चांगलं कुरण वाऱ्यावर सोडलं तर चांगल्या वर्षी चढून येणाऱ्या माशांनी जायचं कुठे?

हे सगळं उन्हाळ्याचं झालं. जानेवारी २०१७ मध्ये थिसिस लिहीत असताना त्याच म्हाताऱ्याचा निरोप आला, येऊन बघ म्हणून. पाऊस चार दिवस लागून राहिला होता. उन्हाळ्यात जिथे आम्ही डोह मोजले तिथे गढूळ पाण्याचा लोंढा, त्यात बोटभर मासा टिकणं शक्यच नाही, आणि कोहोची पिल्लं हिवाळ्यात मुख्य धारेतून बाजूच्या शांत पाण्यात, बीव्हर नावाचा प्राणी बांध घालून करतो त्या तळ्यात सरकतात हे मी वाचलेलं होतं. पण त्याने मला तळ्याकडे नेलं नाही, कुरणाकडे नेलं. कुरणाच्या कडेने एक चर होता, उन्हाळ्यात कोरडा, आम्ही त्यावरून रोज चालत जायचो. आता तो भरून गवतात पसरला होता. आम्ही बारके सापळे लावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचलले, तर त्यात कोहो, पांढऱ्या कडेचे, उन्हाळ्यापेक्षा थोडे मोठे झालेले. मोजून लगेच सोडले. तो चर माझ्या ओढ्यांच्या नकाशात नव्हता, त्याला रेघच नव्हती, म्हणून माझ्या डेटात त्याची ओळ नव्हती, म्हणून मॉडेलने त्याला ना शून्य दिलं होतं ना एक.

संध्याकाळी बाबांना फोटो पाठवला, गवतात उभं पाणी आणि माझ्या तळहातावर मावेल एवढी पारदर्शक डबी, तिच्यात एक पिल्लू. त्यांचा लगेच फोन. म्हणाले, "ह्ये तर आपलं खाचरच गो."